शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपण उठता-बसता वापरतो. पण मैत्रिणींनो, कधी असा विचार केलाय का, की नेमकी किती शितं दाबून बघितली म्हणजे सगळ्या पातेल्याबद्दल खात्रीने बोलता येईल? एक पुरे? की चार? आणि चार दाबूनही आपण फसलो, तर त्या फसण्याचे प्रकार किती?

हा प्रश्न एका माणसाने आयुष्यभर उराशी धरला. त्यांचं नाव विल्यम सीली गॉसेट. जगभरातल्या कॉलेजांत संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांची एक कसोटी शिकावीच लागते, पण ती गॉसेट यांच्या नावाने नाही, तर ‘स्टुडंट’ची टी कसोटी म्हणून. स्टुडंट म्हणजे विद्यार्थी. हे टोपणनाव त्यांनी का घेतलं, त्याची गोष्ट पुढे येईलच. माझी पदवी कला शाखेची, आकडे दिसले की पान उलटायची सवय. तरीही हे चरित्र मी चवीने वाचलं, कारण या माणसाचे सगळे प्रश्न आपल्या ओट्यापाशी येऊन पोचतात.

विल्यमचा जन्म १३ जून १८७६ चा, इंग्लंडमधल्या कँटरबरीचा. पाच भावंडांत हा थोरला. वडील सैन्यात इंजिनिअर, कर्नलच्या हुद्द्याचे. मुलानेही सैन्यातच जायचं असं घरात ठरल्यासारखंच होतं, पण डोळ्यांनी दगा दिला. नजर अधू म्हणून सैनिकी प्रशिक्षणाचा रस्ता बंद झाला. मग विंचेस्टरची शाळा आणि पुढे ऑक्सफर्ड. तिथे आधी गणितात आणि मग १८९९ साली रसायनशास्त्रात त्याने पहिला वर्ग मिळवला. चष्म्यामुळे एक सैनिक कमी झाला आणि संख्याशास्त्राला हा माणूस मिळाला, असंच म्हणायचं.

त्याच वर्षी गॉसेट यांना नोकरी लागली ती आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात, गिनेस या बिअरच्या कारखान्यात. दारूचं नाव निघालं की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. माझ्याही पडतात, दारूपायी मोडलेले संसार या कामात मी पुष्कळ पाहिलेत. पण ती बाजू आज ठेवूया. गिनेस हा तेव्हा जगातला सगळ्यात मोठा बिअर कारखाना होता आणि मालकांनी एक वेगळाच निर्णय घेतला होता. नुसत्या जुन्या जाणत्या कारागिरांच्या नाकावर आणि जिभेवर विसंबायचं नाही, ऑक्सफर्ड-केंब्रिजची शिकलेली मुलं आणायची आणि माल मोजूनमापून घ्यायचा. आज आपण ज्याला गुणवत्ता नियंत्रण म्हणतो, त्याची ही सुरुवातीची पावलं.

आता माल म्हणजे काय, ते बघू. आपण नाचणीला मोड आणतो, वाळवतो, दळतो, की सत्त्व तयार. तसंच बार्लीला मोड आणून वाळवलं की त्याला माल्ट म्हणतात. त्या माल्टमध्ये साखरेचा अंश किती उतरतो, यावर पुढचं सगळं अवलंबून. पण नाचणी कशी दर पोत्याला वेगळी लागते, तशीच बार्लीही. शेत वेगळं, पाऊस वेगळा, साठवण वेगळी. त्यात तपासणीला वेळ लागतो, पैसा लागतो आणि तपासलेला नमुना वायाच जातो. सगळाच माल तपासला तर विकायचं काय? म्हणून दोन-चार नमुनेच घ्यायचे. आणि इथेच पेच होता. त्या काळचं संख्याशास्त्र शेकड्याने, हजाराने मोजमापं हाताशी आहेत असं धरूनच चालायचं. चार नमुन्यांवरून काय बोलावं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

गॉसेट यांनी १९०४ साली कारखान्यासाठी एक अहवाल लिहिला. त्यात त्यांनी माल्टच्या अर्काची उदाहरणं घेतली. साखरेचं माप खऱ्या आकड्याच्या अर्धा अंश इकडेतिकडे आलं तर चालेल, असं धरलं. मग हिशेब केला. दोन नमुन्यांची सरासरी काढली तर पाचात चार वेळा आपण त्या हद्दीत असू. तीन घेतले तर आठात सात वेळा. चार घेतले तर तेरात बारा वेळा. आणि जवळजवळ पक्की खात्रीच हवी असेल तर ८२ नमुने तपासा! कारखान्याला निदान दहास एक इतका भरवसा पुरेसा होता, म्हणून चार नमुने घ्यावेत, असं त्यांनी सुचवलं. मला हे फार आवडलं. शंभर टक्के खात्री ही चीज मिळतच नाही, जितकी हवी तितकी विकत घ्यावी लागते आणि तिची किंमत मोजायची तयारी आहे का, हे आधी ठरवावं लागतं. गृहिणीचा हिशेब याहून वेगळा असतो का?

पण गॉसेट यांचं समाधान होईना. चार शितांची सरासरी काढता येते, हे ठीक. पण शिता-शितात फरक किती आहे, हेही आपण त्याच चार शितांवरून ठरवतो ना? योगायोगाने चारही एकसारखी शिजलेली निघाली, तर आपल्याला वाटणार सगळं पातेलं एकसारखं आहे. म्हणजे छोटा नमुना दुहेरी फसवतो. सरासरीतही फसवतो आणि त्या सरासरीवर किती भरवसा ठेवावा, यातही.

जुलै १९०५ मध्ये ते सायकलवर टांग मारून कार्ल पिअर्सन यांना भेटायला गेले. पिअर्सन म्हणजे लंडनचे नामवंत प्राध्यापक, संख्याशास्त्रातलं मोठं प्रस्थ. सुट्टीसाठी ते ईस्ट इल्सली नावाच्या खेड्यात आले होते. त्या भेटीतून पुढचं जमलं. १९०६ साली गॉसेट यांचं मार्जरी फिलपॉट्स यांच्याशी लग्न झालं आणि त्याच वर्षी कारखान्याने त्यांना शिकायला लंडनला पिअर्सन यांच्याकडे पाठवलं. नोकरदार माणसाला संसार मांडतानाच भरपगारी शिक्षणाची रजा! पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत हाताने फिरवायच्या यंत्रांवर आकडेमोड चाले आणि ती करणाऱ्यांत अ‍ॅलिस ली, एथेल एल्डर्टन अशा शिकलेल्या बायका होत्या, हे मुद्दाम सांगते.

तिथे असताना गॉसेट यांनी यीस्टच्या पेशी मोजल्या. रक्ताच्या पेशी मोजायची काचपट्टी असते, तिच्यावरच्या ४०० चौकोनांत. यीस्ट कमी पडलं तर आंबणं अर्धवट, जास्त झालं तर चव बिघडते. इडलीचं पीठ आंबवणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून द्यायला नको. तो लेख १९०७ साली छापला गेला. पण त्यांचं खरं काम १९०८ सालचं. इंग्लंडमधल्या ३००० कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी एका अभ्यासकाने छापून ठेवली होती. गॉसेट यांनी ३००० कार्डांवर हे आकडे लिहिले, पत्त्यांसारखे पिसले आणि चार-चार कार्डांचे ७५० गट पाडले. प्रत्येक गटाची सरासरी, प्रत्येक गटातला फरक. कॉम्प्युटर सोडा, साधा कॅल्क्युलेटर नसतानाचे ते दिवस. एवढा खटाटोप कशाला, तर आपण कागदावर मांडलेलं सूत्र प्रत्यक्षात खरं उतरतं का, ते बघायला. आणि ते उतरलं. नमुना छोटा असेल तर सावधगिरी किती वाढवायची, याचा तक्ताच त्यांनी तयार करून दिला.

लेख छापायचा तर कंपनीची अट आडवी आली. आधी कुणा कर्मचाऱ्याच्या लिखाणातून धंद्यातलं गुपित बाहेर गेलं होतं, त्यामुळे कंपनीचं नाव नको, बिअरचा उल्लेख नको, स्वतःचंही नाव नको. म्हणून खाली सही पडली, स्टुडंट. लेखाकडे सुरुवातीला कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पिअर्सन यांना स्वतःलाच छोट्या नमुन्यांचं एवढं कौतुक नव्हतं, त्यांचा सगळा व्यवहार मोठ्या आकड्यांचा. १९१२ मध्ये रोनाल्ड फिशर नावाच्या केंब्रिजमधल्या पोरसवदा तरुणाने या सूत्राची गणिती सिद्धता लिहून पाठवली. गॉसेट यांना ती नीट उमगली नाही आणि तसं त्यांनी मोकळेपणाने कबूलही केलं. पुढे याच फिशर यांनी ती कसोटी जगभर नेली.

आता फसण्याचे ते दोन प्रकार.

भात झालेला आहे, पण आपल्या हाती नेमकं कडक शीत आलं. आपण म्हटलं, अजून पाच मिनिटं राहू दे. भाताचा लगदा झाला. ही पहिली चूक: सगळं ठीक असताना बिघाड आहे असं ठरवणं. दुसरी याच्या उलट. भातात कणी आहे, पण हाती आलेलं शीत मऊ निघालं. गॅस बंद केला, पाहुण्यांच्या पानात कच्चा भात. म्हणजे बिघाड असताना सगळं ठीक आहे असं ठरवणं. कारखान्यात पहिल्या चुकीने शेतकऱ्याचा चांगला माल परत जातो, दुसऱ्या चुकीने खराब माल हौदात पडतो. दवाखान्यात पहिल्या चुकीने धडधाकट बाईला आजारी ठरवलं जातं आणि घरादाराची झोप उडते. दुसऱ्या चुकीने आजारी बाई, रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त घरी जाते.

आणि यातली गोम अशी की एक चूक टाळायला गेलं की दुसरी वाढते. अगदी मऊ शीत लागल्याशिवाय गॅस बंदच करायचा नाही असं ठरवलं, तर कच्चा भात कधी वाढला जाणार नाही, पण लगदा वारंवार होईल. दोन्ही चुका एकदम कमी करायच्या तर एकच मार्ग: जास्त शितं बघा, आणि नुसती वरची नाही, तळाची, कडेची, मधलीही बघा. त्याला वेळ लागतो, तो खर्च वेगळा. आमच्या एका बचत गटाचे ४० किलो पापड एका व्यापाऱ्याने परत पाठवले होते. का, तर एकाच पुड्यातले तीन पापड काढले, त्यातले दोन तुटके निघाले. तीन पापडांवरून ४० किलोचा निकाल! वरचा पुडा टेम्पोत दबला असेल, असं बायका जीव तोडून सांगत होत्या. दुसरा पुडा फोडायला दोन मिनिटं लागली असती.

या दोन चुकांना पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारची चूक अशी नावं दिली ती कार्ल पिअर्सन यांचे चिरंजीव इगॉन पिअर्सन आणि पोलंडचे गणिती जर्झी नेमन या जोडीने, १९२८ ते १९३३ या वर्षांत. पण ठिणगी गॉसेट यांची. इगॉन यांच्या मनात शंका होती की अशी कसोटी लावतो, म्हणजे आपण नेमकं करतो तरी काय? त्यांनी गॉसेट यांना पत्र लिहून विचारलं. मे १९२६ मध्ये गॉसेट यांचं उत्तर आलं. त्याचा सारांश असा की एखादी गोष्ट घडणं फार दुर्मिळ असलं, तरी तेवढ्यावरून आपलं मूळ गृहीत खोटं ठरत नाही. ते सोडून द्यावं, ते दुसरं एखादं कारण जास्त पटण्याजोगं असेल तेव्हा.

आपल्या भाषेत सांगते. वर्षभर चांगलं दूध घालणाऱ्या गवळ्याचं दूध एके दिवशी नासलं. चांगलं दूध असं सहसा नासत नाही, म्हणून लगेच त्याला लबाड ठरवायचं का? क्वचित घडणाऱ्या गोष्टीही कधीतरी घडतातच. पण त्याच सकाळी आळीतल्या आणखी चार घरांतलं दूध नासलं असेल, तर त्याने कालचं शिळं दूध मिसळलं, हे कारण जास्त पटतं. आता विचारणं योग्य. म्हणजे नुसतं हे खरं आहे का असं विचारून भागत नाही, हे नसेल तर दुसरं काय, हेही समोर ठेवावं लागतं. त्या एका पत्रातून इगॉन यांना दिशा सापडली आणि पुढचं शास्त्र उभं राहिलं.

गॉसेट यांचा स्वतःचा भर मात्र नेहमी एका व्यवहारी प्रश्नावर असे. कुठली चूक आपल्याला जास्त महागात पडेल? विसात एकदा चुकलं तर चालेल, असा एक ठोकळ नियम पुढे शास्त्रज्ञांत रूढ झाला आणि तो आजही अनेक ठिकाणी डोळे झाकून वापरला जातो. गॉसेट असे एकाच मापाचे बंदे नव्हते. नुकसान किती, फायदा किती, आणखी तपासायला खर्च किती, हे बघून ते ठरवत. मला तरी हेच शहाणपण वाटतं. मिठाची परीक्षा आणि बाळाच्या औषधाची परीक्षा एकाच मापाने कशी घेणार?

आता दुधाचाच आणखी एक किस्सा. हा मला सगळ्यात जवळचा वाटला. १९३० साली स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशर भागात शाळकरी मुलांना दूध दिल्याने वाढ किती होते, ते बघायला एक प्रचंड प्रयोग झाला. ६७ शाळा, २०,००० मुलं. त्यातल्या १०,००० मुलांना चार महिने रोज पाऊण पिंट, म्हणजे सव्वाचारशे मिलीलिटरच्या आसपास दूध. उरलेल्या १०,००० मुलांना नाही. खर्च सुमारे ७,५०० पौंड, त्या काळचे. एवढी मुलं म्हटल्यावर चूक कुठे होणार?

गॉसेट यांनी १९३१ मध्ये लेख लिहून बोट ठेवलं. मुलांची निवड आधी चिठ्ठ्या टाकून किंवा नावांच्या क्रमाने व्हायची होती, पण गट विषम वाटला तर शिक्षकांना अदलाबदलीची मुभा होती. शिक्षकच ते, मनाने कनवाळू! हडकुळ्या, गरीब घरच्या मुलांना त्यांनी नकळत दुधाच्या गटात सरकवलं असावं. परिणाम असा की दूध न मिळणारी मुलं सुरुवातीलाच सरस होती, वजनात तीन महिन्यांच्या आणि उंचीत चार महिन्यांच्या वाढीइतकी. त्यात आणखी एक भर. मुलांना कपड्यांसकट तोललं होतं, पहिल्यांदा फेब्रुवारीच्या थंडीत आणि नंतर जूनमध्ये. खात्यापित्या घरच्या मुलाच्या अंगावर थंडीत जाड लोकरी कपडे, उन्हाळ्यात हलके. गरीब मुलाच्या अंगावर दोन्ही वेळा जवळपास तेच. म्हणजे एकाचं वजन कपड्यांमुळे कमी भरलं, दुसऱ्याचं नाही. कच्चं दूध चांगलं की पाश्चराइज केलेलं, हेही ठरवायचं होतं, पण एका शाळेत एकच प्रकार दिलेला. मग फरक दुधाचा की शाळेचा, कसं कळणार?

चुका काढून ते थांबले नाहीत. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या मुलांच्या ५० जोड्या घ्या, एकाला दूध द्या, दुसऱ्याला नको, एवढ्याने २०,००० मुलांपेक्षा भरवशाचं उत्तर मिळेल आणि खर्चही थोडका येईल, असं त्यांनी सुचवलं. (जुळ्यांपैकी एकालाच दूध देऊन दुसऱ्याला बघत ठेवणं कुठल्या आईला जमलं असतं, हा प्रश्न माझा.) वरवरची शितं हजारांनी उचलली तरी तळाच्या भाताचं काही कळत नाही, ते हे असं.

माणूस म्हणूनही गॉसेट गोड असावेत. कार्ल पिअर्सन आणि फिशर यांच्यातून विस्तव जात नव्हता, पण दोघांशीही यांची मैत्री टिकली. सुतारकामाचा नाद, होड्या स्वतः बांधायच्या, मासे पकडायचे, बागेत फळझाडं लावायची. बार्लीच्या वाणांच्या चाचण्यांसाठी आयर्लंडभर शेतं तुडवायची, हे तर कामच. एक मुलगा आणि दोन मुली असा संसार. आकडेमोड कित्येकदा हाती लागेल त्या कागदाच्या चिटोऱ्यावर चाले.

त्यांच्या विचाराचं पाणी पुढे कुठे-कुठे पोचलं. अमेरिकेत टेलिफोनची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यांसाठी वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये तपासणीचा एक तक्ता काढला होता. वर एक रेघ, खाली एक रेघ, माप रेघांच्या आत आहे तोवर यंत्राला हात लावू नका, बाहेर गेलं तर लगेच शोध घ्या. पुन्हा त्याच दोन चुकांचा तोल. इगॉन पिअर्सन १९३१ मध्ये अमेरिकेत जाऊन शूहार्ट यांना भेटले आणि १९३५ मध्ये ब्रिटनमधल्या कारखान्यांसाठी त्यांनी या पद्धतीचं मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतातही येऊन गेले, प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून.

ते पाहायला गॉसेट नव्हते. १९३५ मध्ये कंपनीने लंडनजवळ पार्क रॉयल इथे नवा कारखाना काढला आणि गॉसेट यांना तिथे पाठवलं. डब्लिनमधली छत्तीस वर्षं मागे टाकून साठीच्या उंबरठ्यावर नवं घर, नवी घडी. शेवटच्या दिवसांतही शेतातल्या चाचण्यांची आखणी कशी करावी, यावरून फिशर यांच्याशी त्यांचा वाद रंगलेला होता, पण मैत्री ठेवून. १६ ऑक्टोबर १९३७ रोजी हृदयविकाराने ते गेले. वय ६१. त्या वादावरचा त्यांचा लेख त्यांच्यामागे १९३८ मध्ये छापला गेला. १९४२ मध्ये त्यांच्या सगळ्या लेखांचं पुस्तक निघालं, तेव्हा कंपनीची अट केव्हाच निरर्थक झाली होती. तरीही पुस्तकाच्या नावात शब्द होता, स्टुडंट.